चार ओळींचे व्याही

माझ्या व्याह्यांना जगातली कुठलीही गोष्ट पाचव्या ओळीपर्यंत न्यावी असं कधी वाटलं नाही. जन्म, मरण, निवडणूक, जावयाचा मान, बैलाचा रुसवा, सोसायटीची सभा, सगळं ते चार ओळींत बसवत. आणि तिसरी ओळ म्हणून झाली की थोडं थांबत, इकडेतिकडे पाहत, मिशीवरून बोट फिरवत, आणि ऐकणारा बेसावध झाला असं दिसलं की मगच चौथी सोडत. हा माणूस उंद्रीचा शेतकरी. सोयाबीन, कांदा आणि घरापुरता भाजीपाला. शाळा नववीपर्यंत. पण वात्रटिका लिहिण्यात अख्ख्या चिखली तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्यांचा हात धरून त्यांना थांबवू शकेल असं तर घरात एकच माणूस होतं, त्याच्याविषयी पुढे सांगतो. मी मलकापूरला बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यांच्या मुलाला माझी मुलगी दिली. म्हणजे आम्ही व्याही, आमच्या बोलीत इवाई, आणि नात्यानं मी मुलीचा बाप. आमच्याकडे मुलीच्या बापानं व्याह्यासमोर थोडं वाकूनच उभं राहायचं असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढची सगळी भानगड समजेल.

लग्न आमच्या मलकापुरात झालं. एकुलती एक मुलगी, आणि मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे व्याह्यांच्या स्वागताचं भाषण मी आठ दिवस खपून लिहिलं होतं. चांगलं चार पानी. त्यात विवाहसंस्था होती, नदी आणि सागर होते, दोन संस्कृत श्लोक होते. अक्षता पडल्या, पंगत बसायच्या बेतात होती, आणि मी माइक घेतला. किती वेळ बोललो ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. बायको म्हणते पस्तीस मिनिटं, मी वीस म्हणतो. मी खाली बसल्यावर व्याही उठले. वाटलं, आभार मानतील. त्यांनी माइक हातात घेतला, फुंकून पाहिला आणि म्हणाले,

इवायाचं भाषण थोर,
पानापानात अर्थ;
पंगत म्हणे, पान वाढा,
बाकी सारं व्यर्थ!

मांडव कोसळला म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. आचारी झारा हातात घेऊन हसत होता. भटजी हसत होते. माझे बत्तीस वर्षांतले विद्यार्थी, ज्यांना मी वर्गात कधी दात दाखवू दिले नव्हते, ते पोट धरून हसत होते. आणि मुंडावळ्यांच्या आडून माझी मुलगीही हसत होती. मीही हसलो. मुलीचा बाप दुसरं काय करणार? पण ते हसू घरी जाऊन तोंडावरून काढताना फार त्रास झाला.

त्यानंतर मी त्यांच्याकडे बारकाईनं पाहू लागलो, दुखावलेला माणूस पाहतो तसं. त्यांना कागद लागत नसे. बियाण्यांच्या कॅलेंडरचा समास, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, लग्नपत्रिकेचं पाकीट, आणि काहीच नसेल तर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची भिंत. त्या भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या ओळींवर त्यांनी चुना मारू दिला नव्हता. चिखलीच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला त्यांचा एक चौकोन असे. माणसं म्हणत, पेपर तेवढ्यासाठीच घेतो. एका वर्षी त्यांच्या शेताजवळची विजेची डीपी जळाली, मोटारी बंद पडल्या आणि कांदा वाळू लागला. गावातल्या दहाबारा जणांनी रीतसर अर्ज दिले. यांनी वीज कंपनीच्या साहेबांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली:

डीपी जळून महिना झाला,
वायरमन म्हणे, 'येतो';
वाफ्यातला कांदा रोज
मान काढून पाहतो.

साहेबांना ती इतकी आवडली की त्यांनी ती टेबलाच्या काचेखाली घातली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले. डीपी मात्र आणखी पंधरा दिवसांनीच बसली. मी त्यांना म्हटलं, "अहो इवाई, तारीख, विषय, संदर्भ घालून सरळ गद्यात अर्ज केला असता तर?"

"सर," ते म्हणाले, "बाकीच्यायनं केले ना अर्ज. अर्ज फाइलीत जाते. हे टेबलावर राह्यली."

"पण काम तर झालं नाही."

"काम त्यायचंही नाही झालं. माह्यं निदान टेबलावर तं राह्यलं!"

त्यांच्या प्रत्येक वात्रटिकेची पहिली परीक्षा घरात होई, आणि परीक्षक होत्या माझ्या विहीणबाई. ठेंगण्या, सावळ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या चुलीपाशी भाकरी थापत असायच्या आणि हे दाराच्या चौकटीला टेकून म्हणून दाखवायचे. त्यांचा हात क्षणभर थांबला तर ओळी पास. नाही थांबला, तर व्याही तसेच मागच्या पावली परत जात आणि गोठ्यात बसून शब्द बदलत. सुनेसमोर, पाहुण्यांसमोर, कोणासमोरही त्यांनी बायकोवर ओळी कराव्यात आणि विहीणबाईंनी त्या शांतपणे ऐकाव्यात. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हाचीच गोष्ट:

आमच्या घरची भाजी गुणाची,
मिरची पडते मोजून;
पाहुणा पहिल्या घासाले घरात,
दुसऱ्याले विहिरीत भिजून!

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भाजीनं की हसण्यानं ते कळायला मार्ग नव्हता. विहीणबाई पुन्हा भाजी वाढत म्हणाल्या, "यायचं काही मनावर घेऊ नका, इवाई. यायले सरळ बोलताच येत नाही." त्या वेळी मला हे विनोदानं म्हटलेलं वाक्य वाटलं.

नातू झाला तेव्हा मला फोन आला नाही, मोबाइलवर चार ओळी आल्या:

इवाई, तुम्ही आजोबा झाले,
मीही झालो आजा;
नाक तुमचं, आवाज माझा,
आता वाजवा बाजा!

पेढे वाटायचं सोडून मी आरशात नाक पाहत बसलो. माझ्या नाकाबद्दल मला लहानपणापासून थोडं वाईट वाटतं. त्यांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं; पण मी तेही मांडवातल्या खात्यावर जमा केलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजूनही अवघड वाटतं.

आमच्या मलकापुरात आम्हा निवृत्त मंडळींचं एक वाचन मंडळ आहे. महिन्यातून एकदा एका शाळेच्या वर्गात पंधरावीस जण जमतो. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायला बोलावलं, तेव्हा व्याही-विहीणही आले. योगायोगानं मंडळाची बैठक होती. मित्र म्हणाले, तुमच्या व्याह्यांना आणा. त्यांनी अर्धा तास ओळी म्हटल्या आणि पंधरावीस म्हातारे बाकांवर हात आपटून हसले. समारोप अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष मी. मी उठलो. वात्रटिका आणि गद्य यांतला फरक, असा विषय मी तिथल्या तिथे घेतला. म्हटलं, वात्रटिका टोपी उडवते, गद्य डोक्याखालचा माणूस दाखवतं. म्हटलं, चार ओळींना धीर लागत नाही. लेखकाची परीक्षा परिच्छेदात होते. चौथ्या ओळीवर टाळी पडली की वात्रटिकाकार सुटतो, गद्यकाराला मात्र पुढचं वाक्य लिहावं लागतं. आणखीही बरंच. सगळं व्यवस्थित, सोदाहरण, आवाज न चढवता. बत्तीस वर्षांत इतका चांगला तास मी घेतला नसेन. मुलीचा बाप म्हणून जिथे जिथे वाकलो होतो, तिथे तिथे त्या दिवशी पाठ सरळ झाली. कोणी हसलं नाही. व्याही पहिल्या बाकावर, मांडीवर टोपी ठेवून, एकेक शब्द ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर, ते काल बोलले ते खरं हाय?"

"कोणतं?"

"हेच, का खरं लिव्हणं म्हंजे गद्य."

त्या क्षणी मला 'अहो, सोडा हो' म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "साहित्यात तरी असंच मानतात."

"मंग मी काय लिहू?"

"तुमचं आयुष्य लिहा. साधं, सरळ. मी तपासून देईन."

त्यांनी चिखलीहून दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि वात्रटिका बंद केल्या. माणूस एवढा शब्दाचा पक्का निघेल असं मला वाटलं नव्हतं. रोज सकाळी दूध काढून झालं की ओसरीवर चटई टाकून ते गद्य लिहीत. महिन्या-दोन महिन्यांनी कोणी मलकापूरकडे येणारं असलं की रजिस्टर माझ्याकडे येई, मी तपासून परत पाठवी. काय ते गद्य! ज्या माणसानं कांद्याला मान दिली होती, तो लिहीत होता: 'माझा जन्म उंद्री येथे झाला असून वडील शेती करीत होते व आई सुद्धा शेती करीत होती व सध्या मी सुद्धा शेती करीत आहे.' तलाठ्याचा पंचनामा परवडला. मी लाल पेन घेऊन बसायचो. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, वाक्यरचना. सवयीनं प्रत्येक पानाला दहापैकी गुणही द्यायचो. तीन, साडेतीन, एकदा उदार होऊन पाच. एका पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'माझी पत्नी स्वभावाने चांगली असून तिने मला साथ दिली आहे.' बस्, एवढंच. मी समासात लिहिलं, 'विस्तार करा.'

मुलीचा फोन आला. "बाबा, मामाजींना तुम्ही काय सांगून ठेवलं? घरात कोणी हसत नाही. पारावर माणसं म्हणतात, 'भाऊ, टाका ना एखादी', तर म्हणतात, 'नाही, ते टोप्या उडवणं हाय.' पेपरवाले दोनदा येऊन गेले."

"साहित्यात उमेदवारी करावी लागते," मी म्हटलं.

"बाबा, त्यांना कुठं साहित्यात जायचं होतं?" मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला. साप्ताहिकातल्या त्या चौकोनात मग खताच्या दुकानाची जाहिरात येऊ लागली. खरं सांगतो, ती पाहून मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं.

दोन वर्षं अशी गेली. मग विहीणबाई आजारी पडल्या. पोटाचं दुखणं, आधी अंगावर काढलं, मग बुलढाणा झालं, शेवटी अकोल्याच्या एका दवाखान्यात ठेवलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांचे चेहरे काही चांगलं सांगत नव्हते. एका सकाळी व्याह्यांचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला फोनवर कधी काही सलग सांगितलं नव्हतं.

"सर, हे तुमची विहीण म्हणते, माह्यावर एखादी म्हणा, पाहू द्या हासता येते का. दोन दिवस झाले, बसून राह्यलो. येतच नाही हो. पहिली ओळ येते, अन् दुसरीवर तुमचं लाल पेन दिसते."

त्यात तक्रार नव्हती. एखाद्या विद्यार्थ्यानं अडलेलं उदाहरण विचारावं तसं ते विचारत होते. मी मिळेल ती गाडी पकडून अकोल्याला गेलो. वाटेत शेगावला केळी घेतली, कारण रिकाम्या हातानं कसं जायचं.

विहीणबाई झोपल्या होत्या. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. गाडीत सगळा वेळ जे घोकत आलो होतो ते मी बोलून टाकलं. "इवाई, मी मंडळात जे बोललो ना, ते साहित्याचं नव्हतं. तुम्ही लग्नात माझ्यावर लोकांना हसवलं होतं, त्याचा राग होता. शिकलेला माणूस आहे, म्हणून तो असा बाहेर आला."

ते म्हणाले, "मले माईत हाय ना, सर."

"माहीत होतं?"

"त्याच दिवशी. मांडवातून घरी जाताना हे माह्यावर लय तापली. म्हणे, काऊन हो, पोरीच्या बापावर भर मांडवात लोकायले हासवता? त्यायचं तोंड कसं झालं, पाह्यलं काय? मी पाह्यलं होतं. पन तवा चौथी ओळ जिभेवर आली होती, थांबवता नाही आली. माफी मांगाची होती तुमची. कितीकदा मांगाले बसलो. पन चार ओळीत माफी मांगली तं लोक आनखीनच हासते, सर. तुम्ही गद्य म्हटलं, तं मले वाटलं, हे बरं झालं. गद्यात मांगता येईन. तेवढ्यासाठी तं शिकलो."

"मग मागितली का नाही?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. मग पिशवीतून रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. सत्तावीस नंबरचं पान. 'माझ्या मुलाच्या लग्नात मी भर मांडवात व्याह्यांच्या भाषणावर चार ओळी म्हटल्या व सर्व लोक हसले व त्यांचे तोंड ऊतरले ते मी पाहीले व त्या दिवसापासुन मला वाईट वाटत असून त्यांनी मला माफ करावे व हे मला तोंडाने सांगता येत नाही.'

'ऊतरले'मधला दीर्घ ऊ मी लाल गोलात घेतला होता. 'पाहीले' आणि 'पासुन' दुरुस्त केले होते. बाजूला माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'वाक्य फार लांब. व टाळा. तीन वाक्ये करा.' खाली गुण: साडेतीन.

ते पान मी तपासलं होतं. वाचलं नव्हतं. इतकी वर्षं वह्या तपासणाऱ्या मला हा फरक आधी कोणी सांगितला असता तर मी त्याच्याशी बाचाबाची केली असती. व्याही म्हणाले, "मी समजलो, तुम्ही वाचून सोडून देल्लं. मोठ्या मनाचे हायत. म्हणून मंग तीन वाक्य करत बसलो." आणि खरंच पुढच्या पानावर तेच वाक्य तीन वाक्यांत पुन्हा लिहिलेलं होतं. तिथे मी पाच दिले होते.

आतून हाक आली. विहीणबाई जाग्या झाल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला. "इवाई, चहा घेतला काय?" ही त्यांची पहिली चौकशी. मग नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आता तं सरच आले. त्यायच्यावरच म्हणा एखादी."

"म्हणा इवाई," मी म्हटलं. "भाषणावर म्हणा, नाकावर म्हणा. काहीही म्हणा."

त्यांनी डोळे मिटले. बोट मिशीवर गेलं. आणि जुन्याच चालीत त्यांनी सुरुवात केली,

इवाई आले दवाखान्यात,
घेऊन चार केळी...

विहीणबाईंनी मान थोडी उचलली. आम्ही थांबलो. नर्स सलाइन बदलून गेली. त्यांचे ओठ हलत होते, पण पुढे काही येईना. मी मनातल्या मनात यमकं शोधू लागलो. केळी, वेळी, आळी, पाळी. वृत्तं, अलंकार, सगळं शिकवलेला माणूस मी. मला मात्रा मोजता येत होत्या, पण तिसरी ओळ मला सुचेना. मला ती आधी कधी सुचली होती? दुसऱ्याच्या कुंडीतलं रोप उपटून आपल्या कुंडीत जगवता येत नाही, हे कळायला मी अकोल्यापर्यंत आलो होतो.

"राहू द्या," विहीणबाईच म्हणाल्या. "उद्या म्हणजा."

आठ दिवसांनी त्यांना घरी नेलं. पौष संपता संपता त्या गेल्या. मधल्या दिवसांत व्याही रोज त्यांच्या उशाशी बसत. काही म्हणता आलं का, ते मुलीलाही ठाऊक नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही. तेरवीला माणसं खूप होती. साप्ताहिकाचे संपादक आले होते. म्हणाले, भाऊ, चौकोन तुमचाच आहे, कधीही द्या. व्याह्यांनी हात जोडले.

परतताना ते मला फाट्यावर सोडायला आले. खामगावची बस यायला वेळ होता. मी म्हटलं, "इवाई, रजिस्टर फेकून द्या. पुन्हा चार ओळी सुरू करा. मी पाया पडतो."

"अहो सर, काय बोलता!" त्यांनी माझा हात धरला. मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, "तसं येते आता एखादी. परवा वाफ्यावर आली होती, चारही ओळी. घरापर्यंत आनली."

"मग?"

"कोनाले म्हणून दाखवू?"

बस आली. त्यांनी माझी पिशवी वर दिली, कंडक्टरला सांगितलं, "सरायले खिडकीची जागा द्या," आणि बस हलेपर्यंत उभे राहिले.

याला आता दोन वर्षं होतील. ते सहा महिन्यांतून एकदा मलकापूरला येतात, मी दिवाळीनंतर उंद्रीला जातो. कांद्याचा भाव, नातवाची शाळा, गुडघे, पाऊस, यावर आम्ही सावकाश, पूर्ण वाक्यांत बोलतो. त्यांचं गद्य पुष्कळ सुधारलं आहे. परवा नातवाला लिहिलेलं पत्र पाहिलं, एकही चूक नव्हती. आमचं हल्ली फार छान जमतं, असं दोन्ही घरचे लोक म्हणतात. ते खरंही आहे. आता आम्ही एकमेकांना कधीच लागेल असं बोलत नाही.